देवीचं उजवं

फोन समोरच्या घरी आला. आमच्या गल्लीत फोन तेवढा एकच, त्यामुळे त्या घरच्या अक्का आपल्या पायऱ्या उतरून कुणाच्या फाटकाकडे निघाल्या की सगळी गल्ली त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. त्या सकाळी त्या आमच्या फाटकाशी आल्या, पण कडी काढली नाही. कडीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. धुकं अजून विरलं नव्हतं, त्यांची पांढरी शाल त्यात कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नव्हतं. मी तुंगाच्या खोलीत, तिच्या खिडकीशी दोन पेले ठेवत होते. ती इस्पितळात होती तरी ठेवत होते, कारण रिकामी खिडकी मला बघवेना. आमचे हे आदल्या दिवसापासून तिच्या उशाशी बसून होते. फोन त्यांचाच असणार. त्या कडीवरच्या हातावरूनच मला कळलं. मी खिडकीतूनच विचारलं, "कधी?" त्या म्हणाल्या, "आत्ताच गं. स्वल्प आधी." ...त्या 'स्वल्प'चा मला इतका राग आला म्हणून सांगू! एवढी मोठी गोष्ट, आणि थोड्याशा आधी. पण मग वाटलं, तुंगाला हा शब्द आवडला असता. तिचं सगळंच स्वल्पात असायचं.

तुंगा माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, माझ्याच वयाची. इथल्या एका मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे थांबले, चुलीवर पुन्हा फोडणीचा वास यायला लागला, आणि आता कुठे मला तिच्याविषयी लिहावंसं वाटतं आहे. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही तिच्या गणिताबद्दल लिहिल्याशिवाय तिच्याबद्दल लिहिता येणार नाही.

मी साताऱ्याची. पन्नासचं दशक नुकतं सुरू झालं होतं, तेव्हा लग्न होऊन बंगळूरला आले. बसवनगुडीतलं हे घर, लाल गुळगुळीत जमीन, मागे फणस, आणि भर वैशाखातही पहाटे अंगावर घ्यावं लागेल असा गारवा. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर खाली आलेलं हे घराणं. घरात बोलायचे मराठीच, पण ती मराठी कानडीत इतकी मुरलेली की पहिले काही दिवस मी नुसती हसत मान हलवायची. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. मी काहीही सांगितलं की त्या विचारत, "हौदा?" आणि मी मागे वळून हौद शोधायची. 'असं होय?' एवढाच त्याचा अर्थ, हे मला तुंगानं सांगितलं, आणि सांगताना स्वतः हसून हसून भिंतीला टेकली. मी तिला रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हटलं तर म्हणाली, "तुंगा म्हण. नदीला कुणी वन्सं म्हणतं काय?" मला मात्र ती शेवटपर्यंत 'वैनी' म्हणत राहिली. किरकोळ अंगाची, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, लहानपणच्या तापानं अधू झालेलं हृदय, आणि जिना चढून आली की दारात थांबून, "आले, आले," असं स्वतःलाच सांगणं... तिची आठवण काढली की आधी ते "आले, आले" ऐकू येतं.

कॉलेज सुटलं की दर शनिवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, विज्ञानाच्या एका मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात जायची. बसनं जायची, कधी बस चुकली तर जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून. तिथे परदेशात शिकून आलेले एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांनी तिला एक पातळसं पुस्तक वाचायला दिलं, अमेरिकेतल्या कुणा तर्कशास्त्रज्ञाचं. त्यात पानापानावर एक ग्रीक अक्षर होतं, काठी टेकून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यासारखं. त्याचं नाव लॅम्डा, आणि त्या शास्त्राचं नाव लॅम्डा कॅल्क्युलस. तुंगा त्या पुस्तकाच्या नादाला अशी लागली, की आमटी ढवळता ढवळता तिचा हात थांबायचा, नजर फणसापलीकडे कुठेतरी जायची, आणि आमटी उतू जायची. "कुठे गेलीस गं?" विचारलं तर म्हणायची, "सुम्ने." म्हणजे उगीच.

वर्षादोन वर्षांत त्या प्राध्यापकांच्या शब्दावर इंग्लंडातल्या एका विद्यापीठाचं तिला बोलावणं आलं. तीन वर्षं तिथे राहायचं आणि ह्याच विषयात संशोधन करायचं. तेव्हा आमच्या ओळखीत परदेशी गेलेली बाई एकही नव्हती. ह्यांची ना नव्हती. गल्लीतल्या बायका मात्र आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या, आणि एकेकीचा चेहरा असा, की जणू आमच्या घरात कुणी आजारी आहे. अव्वा सगळं ऐकून घेत होत्या. सासरे अकाली गेले तेव्हापासून त्या मोठ्यानं बोलतच नसत म्हणे. शेवटी एका संध्याकाळी वाती वळताना त्या म्हणाल्या, "मी हो म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही. देवीला विचारू या. देवी काय सांगेल ते सरी." सरी म्हणजे बरोबर, ठीक. ह्या घरात त्या शब्दावर विषय संपतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला देवीचं छोटं देऊळ आहे. काळ्या पाषाणाची, हातभर उंचीची मूर्ती. तिचा कौल घ्यायची रीत अशी, की शेवंतीची दोन फुलं किंचित ओली करून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायची, मनातला प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर होकार, डाव्या खांद्यावरचं पडलं तर नकार. सोयरीक असो, घर बांधणं असो, सावकाश का होईना, एक फूल पडतं, आणि माणसं मोकळी होतात. फूल पडेपर्यंत डोळे मिटून राहायचं असा दंडक. गाभारा एवढासा, समईचा उजेड, आणि आपण उंबऱ्याबाहेर. तेव्हा कौल पुजारी सांगतो. पुजाऱ्याला इथे भट्रे म्हणतात. जुने भट्रे पडलेलं फूल हातात घेऊन उंबऱ्यापाशी यायचे, देवीकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करायचे आणि मगच सांगायचे. पण ते त्याच साली वारले, आणि त्यांचा पुतण्या आला. कोवळा, घाईचा, आवाजाचा मोठा. तो आतूनच ओरडून सांगायचा.

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं उभे होतो. अव्वा, हे, मी आणि तुंगा. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. खरं सांगायचं तर मी देवीशी भांडत होते. म्हटलं, बाई, हो म्हण. कुणीतरी जाऊ दे ह्या गल्लीच्या पलीकडे... किती वेळ गेला कोण जाणे. तेलाचा वास, बाहेर कुणीतरी झाडत होतं त्याचा सपसप आवाज, आणि मग आतून भट्रेचा आवाज आला, "डावं!" त्याबरोबर माझ्या शेजारी कुणीतरी मोठा निःश्वास सोडला. मी मनात म्हटलं, सुटल्या एकदाच्या अव्वा. डोळे उघडले तेव्हा तुंगा देवीकडे बघत होती. "सरी," ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला.

त्या दिवशी ती नीट जेवली. रडले ते मीच. ह्यांच्याशी मी कित्येक दिवस भांडत होते, की शेवंतीच्या फुलानं माणसाचं आयुष्य ठरवायचं का? हे म्हणायचे, "आता देवीलाही तू अक्कल शिकवणार का?" म्हाताऱ्या प्राध्यापकांना कळवायचं काम तुंगानं स्वतः केलं. त्यांनी फक्त ते पातळ पुस्तक परत मागितलं नाही म्हणे. तिच्या जागी कोण गेलं, गेलं की नाही, आम्ही कधी विचारलं नाही.

पुढे तीन-चार हिवाळे गेले. बंगळूरचा हिवाळा म्हणजे अवऱ्याच्या शेंगा. सगळ्या बाजारात त्यांचा तो हिरवा, तेलकट वास, आणि घराघरांत बायका शेंगा सोलून, दाणे भिजवून, एकेका दाण्याचं साल चिमटीत धरून काढत बसलेल्या. अशाच एका दुपारी आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसलो होतो. समोर दोन वाट्या. ऊन असं की नुसतं पांघरावं. मी तिला म्हटलं, "तू ज्याच्यासाठी आमटी उतू जाऊ देतेस ते मला एकदा सांग तरी."

ती खूप वेळ दाणे दाबत राहिली. मग म्हणाली, "वैनी, खरं म्हणजे काय?"

"खरं म्हणजे खरं."

"ती वस्तू आहे का? डब्यात ठेवता येते का?" तिनं दोन्ही वाट्या माझ्यापुढे सरकवल्या. "ह्या पुस्तकात खरं ही वस्तूच नाही. खरं हे एक वागणं आहे. त्याच्यापुढे कोणत्याही दोन गोष्टी ठेव, ते पहिली उचलतं. दरवेळी पहिली. आणि खोटं म्हणजे, दोन गोष्टी ठेव, ते दुसरी उचलतं. आयतु, झालं. एवढंच."

"एवढंच?" मला फसवल्यासारखं वाटलं. "मग ह्यात खरं कुठे आहे?"

"उचलण्यात आहे."

मी म्हटलं, बरं, मग 'नाही' कसं म्हणायचं? ती हसली. "काही म्हणायचं नाही. ठेवतानाच वाट्यांची अदलाबदल करायची. पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी पहिली. उचलणारा तसाच राहतो, आपल्या सवयीनं उचलतो, आणि सगळं उलटं होतं." मग तिनं मला 'आणि' शिकवलं. ते मी अजून विसरलेले नाही, कारण ते तिनं घरातलंच घेतलं. समज, तिरुपतीला जायचं आहे, आणि अव्वाही हो म्हणायला हवी, देवीही. तर अव्वाच्या पुढे दोन गोष्टी ठेवायच्या. पहिली देवीचा कौल, दुसरी सरळ नकार. अव्वाच्या मनात हो असेल तर ती पहिली उचलेल, म्हणजे आता देवी सांगेल ते. अव्वाच्या मनात नाही असेल तर ती दुसरी उचलेल, म्हणजे नकार, देवीला त्रास द्यायचं कारणच नाही. 'किंवा'सुद्धा तसंच. अण्णापुढे (ह्यांना ती अण्णा म्हणायची) दोन गोष्टी ठेवायच्या, पहिली होकार, दुसरी अव्वा. अण्णा हो म्हणाला तर झालं, नाही म्हणाला तर अव्वाकडे जायचं. "असं करत करत, वैनी, जगातला सगळा हिशेब ह्यातून काढता येतो. बेरीज, गुणाकार, सगळं. आत काहीच नाही. नुसते उचलणारे हात."

नुसते उचलणारे हात... मी त्या दुपारी काय सोललं आणि कुठल्या वाटीत टाकलं कोण जाणे. साली दाण्यांत गेल्या. अव्वांनी संध्याकाळी सगळं परत निवडलं.

त्यानंतर आमच्या दोघींचा एक चावटपणा सुरू झाला, तो शेवटपर्यंत टिकला. घरातल्या माणसांना आम्ही काही विचारायचंच सोडून दिलं. समोर दोन पेले ठेवायचे. उचलणाऱ्याच्या उजवीकडचा पहिला, डावीकडचा दुसरा. दोन्हीत कॉफीच, पण पहिल्यात साखर कमी, कारण तुंगाला तशीच आवडायची. समोरच्यानं पहिला उचलला की होकार, दुसरा उचलला की नकार. नाटकाला जायचं का, सोफ्याला नवी खोळ शिवायची का, माहेरी आठ दिवस जास्त राहायचं का, हे सगळं ह्यांनी कॉफी पिता पिता ठरवलेलं आहे, आणि ह्यांना त्याचा पत्ता नाही. ह्यांनी पेला उचलला की तुंगा माझ्याकडे बघून पदरात हसायची. हे विचारायचे, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही अण्णा, तू फार चांगला आहेस." नंतर नंतर ती स्वतःसाठीही खिडकीत दोन पेले ठेवून घ्यायला लागली. स्वतःला काय विचारायची ते तिनं कधी सांगितलं नाही.

साठ साल उलटलं. गाव बदलायला लागलं, आमच्या बाजूला नव्या वसाहती झाल्या, आणि गणकयंत्र म्हणून काही असतं हे वर्तमानपत्रांत यायला लागलं. तुंगाच्या वर्गात विमला नावाची मुलगी होती, चिकोडीकडच्या मराठी घरातली, वडील इथे नोकरीला. तुंगाच्या हाताखाली ती लॅम्डा शिकली आणि तिला अमेरिकेचं बोलावणं आलं. पुन्हा तेच सगळं! विमलाची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. "अक्का, मुलीची जात. एवढ्या लांब. देवीला विचारल्याबिगर मी कशी पाठवू?" मला वाटलं तुंगा काहीतरी समजावेल. ती म्हणाली, "सरी. शुक्रवारी जाऊ या. मी येते."

आम्ही चौघी उंबऱ्याबाहेर उभ्या. विमला, तिची आई, तुंगा आणि मी. मी डोळे मिटून घेतले. तोच समईचा वास. भट्रे आता कोवळा राहिला नव्हता, पण आवाज तोच. "डावं!" विमलाच्या आईनं 'अगंबाई' म्हणून कपाळाला हात लावला. आणि तेवढ्यात तुंगाचा आवाज आला, अगदी वर्गातल्यासारखा.

"भट्रे, डावं कुणाचं? तुमचं का देवीचं?"

तो त्रासून म्हणाला, "हे काय विचारणं झालं? डावं म्हणजे डावं. ह्या हाताचं." त्यानं देवीकडे तोंड करून उभ्या उभ्या आपला डावा हात वर केला.

"मग देवीचा तो कुठला?"

तो देवीकडे बघत राहिला. आपल्या हाताकडे बघितलं, देवीच्या हाताकडे बघितलं. मग अगदी सावकाश उंबऱ्याकडे आला, देवीकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड केलं, जसे त्याचे काका करायचे, आणि पुन्हा आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघांचं उजवं-डावं उलटं असतं, हे शेंबडं पोर सांगेल. पण इतकी वर्षं कुणी त्याला विचारलं नव्हतं, आणि आम्ही सगळे तर डोळे मिटून. "उजवं..." तो म्हणाला. आवाज इतका खाली आला होता की विमलाच्या आईला परत विचारावं लागलं. "देवीनं उजवं दिलंय, अम्मा."

विमला गेली. तिची आई आनंदात होती, तिच्या डोक्यात पुढचा विचार आला नाही. माझ्या आला. परतताना रस्त्यातच मी थांबले. "तुंगा, आपल्या वेळीसुद्धा हाच भट्रे होता."

"हो."

"म्हणजे देवीनं तेव्हा..."

"वैनी, कोथिंबीर घ्यायची होती ना?" असं म्हणून ती भाजीवालीपुढे उकिडवी बसली आणि जुडी निवडायला लागली. मी भर रस्त्यात रडत होते आणि ती देठं मोडून बघत होती.

मला त्या भट्रेला फाडून खावंसं वाटत होतं. अव्वांना जाऊन सांगावं, ह्यांना सांगावं, सगळ्या गल्लीला ओरडून सांगावं असं वाटत होतं. कुणाकुणाची लग्नं उलट्या कौलावर मोडली असतील, कुणी नको त्या जमिनी घेतल्या असतील! पण मला गल्लीशी काही देणंघेणं नव्हतं. मला दिसत होती ती एकच गोष्ट. देवीनं हो म्हटलं होतं, आणि माझी तुंगा इथे राहिली होती, आमट्या ढवळत. तिनं माझा हात धरून सांगितलं, "अव्वाला नाही सांगायचं. माझ्या गळ्याची शपथ." अव्वा तेव्हा थकल्या होत्या. संध्याकाळी तुंगा घरी आली की त्यांना बरं वाटायचं. कधीतरी त्या विचारायच्या, "देवीनं बरोबर केलं ना गं?" आणि तुंगा त्यांच्या केसांतून फणी फिरवत म्हणायची, "सरी केलं, अव्वा." मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

अव्वा दोन वर्षांपूर्वी गेल्या. आणि ह्या वर्षी तुंगाच्या हृदयानं जिना चढायला नकार दिला.

तिची-माझी शेवटची नीट भेट इस्पितळात, ती जायच्या आधी चार-पाच दिवस. खिडकीबाहेर मोठमोठी झाडं होती, दुपारचा पिवळा उजेड तिच्या चादरीवर हलत होता. ती बराच वेळ डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "वैनी, तू अजून भट्रेवर रागावली आहेस ना?"

"तो समोर येऊ दे फक्त."

"मी त्या दिवशी डोळे मिटले नव्हते."

मला क्षणभर कळेना ती कुठल्या दिवसाबद्दल बोलते आहे. "फूल पडताना मी बघितलं," ती म्हणाली. "देवीच्या उजव्या खांद्यावरून. हळूच पडलं. मला वाटलं, आता भट्रे उजवं म्हणेल. आणि तो डावं म्हणाला."

"मग तू बोलली का नाहीस? तुंगा! एक शब्द बोलायचा होता!"

"बोलणार होते. तोंड उघडलं होतं." ती थांबली. तिला श्वास पुरत नव्हता. "पण तोंड उघडलं आणि त्यातून निःश्वास बाहेर आला. मोठा. तू ऐकला असशील."

"तो अव्वांचा होता."

"अव्वानं श्वास धरला होता गं. माझा होता तो. मला माझंच नवल वाटलं. मला वाटायचं मला जायचं आहे, फार जायचं आहे. आणि आतून कुणीतरी म्हणालं, सुटलो." ती हसली. "देवीनं दोन्ही पुढे ठेवलं. भट्रेनं अदलाबदल केली. पण उचललं मीच."

मी विचारलं, विमलाच्या वेळी मग का बोललीस? ती म्हणाली, "तिनं श्वास धरला होता. डावं ऐकूनसुद्धा सोडला नाही. तिला जायचं होतं."

आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो इतकी वर्षं माझ्या घशात अडकला होता. "पस्तावलीस का गं कधी?" तिनं माझ्याकडे नीट बघितलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पस्तावले ना. विमला गेली त्या दिवशी खूप. कधीकधी रोज. पण अवरे सोलताना नाही. पोरींना शिकवताना नाही." मग म्हणाली, "खिडकी उघड स्वल्प. वारा येऊ दे."

मी घरी येऊन खूप रडले. आधी तिच्यावर राग आला. इतकी वर्षं मी तिच्या वतीनं भांडत होते, आणि ती मला भांडू देत होती! मग हळूहळू छातीवरचं काहीतरी उतरलं. मला वाटत होतं, कुणीतरी तिचं आयुष्य तिच्या हातातून काढून घेतलं. तसं नव्हतं. ते इथेच होतं, ह्या घरात, माझ्याबरोबर. हे वाचताना कुणाला वाटेल मी स्वतःची समजूत घालते आहे, तर घालते. मला ती हवी होती. ती राहिली म्हणून मला मिळाली, हेही खरंच आहे.

गेल्या आठवड्यात हे म्हणाले, तुंगाची खोली रिकामी ठेवून काय करायचं? कुणी चांगला भाडेकरू बघू. मी म्हटलं, बघू. शुक्रवारी मी एकटी देवळात गेले. भट्रेला म्हटलं, कौल लावायचा आहे. त्यानं दोन फुलं लावली. मनात विचारलं, खोली आहे तशी ठेवू का? आणि ह्या वेळी डोळे उघडे ठेवले. आत समई, काळा पाषाण, दोन पांढरी फुलं. एक फूल हललं... आणि माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरला आहे. छाती दुखेपर्यंत धरला आहे. भट्रे फूल घेऊन उंबऱ्यापाशी आला, देवीकडे पाठ केली आणि आमच्यासारख्यांकडे, म्हणजे माझ्याकडे वळला. विमलाच्या कौलापासून तो असाच वळतो. कुणासाठीही, कधीही, आधी वळतो आणि मगच बोलतो. ते त्याचं वळणं बघून मला भडभडून आलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "राहू द्या, भट्रे. सांगू नका."

माझं ठरलं होतं, खोली ठेवायची. पण घर दोघांचं आहे, आणि 'आणि' कसं चालतं ते मला तिनंच शिकवलेलं. घरी आले, तिच्या खोलीची खिडकी उघडली, आणि खिडकीशी दोन पेले ठेवले, उजवीकडे पहिला, डावीकडे दुसरा. ह्यांना हाक मारली. हे चष्मा पुसत आले, खुर्चीवर बसले, बाहेर फणसाकडे बघत राहिले. हात आधी दुसऱ्या पेल्याकडे गेला, तिथेच थोडा थांबला. मग त्यांनी पहिला उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे गं. तुंगासारखी केलीस."